बारीक हात

त्या रविवारी सकाळी काजलच्या हाताला कोंबडीने टोचलं, आणि त्यावरून घरात हसाहशी झाली. तुरेवाली खुडूक बसली होती. खुडूक कोंबडी आणि रात्रपाळी करून आलेला नवरा, दोघांनाही हलवायला जाऊ नये, असं काजलची आई रत्नप्रभा नेहमी म्हणायची. तरी काजलने टोपलीत हात घातलाच. अकरा अंड्यांतलं एखादं गार पडलंय का ते तिला बघायचं होतं. तुरेवालीने अंगठ्याच्या बुडाशी अशी चोच हाणली की थेंबभर रक्त आलं. काजलने ते ओढणीला पुसलं.

"बारावीची परीक्षा दिली पोरीनं, पण कोंबडीपुढं नापास," ओट्यावरून तिचे आजोबा, रत्नप्रभाचे सासरे बुधाजी म्हणाले.

खर्डी स्टेशनापासून रिक्षाने वीस मिनिटं आत गेलं की बौद्धवाडी लागते. तिच्यातलं शेवटचं घर यांचं. पुढे अंगण, त्यात चौदा-पंधरा कोंबड्या आणि एक माजोरी कोंबडा. मागे कारवीच्या कुडाचा गोठा, त्यात चार बकऱ्या, गुंजी गाय आणि तिची नऊ दिवसांची पाडी. रत्नप्रभाचा नवरा महेंद्र वाशिंदच्या कारखान्यात पाळीला जायचा, म्हणजे गुरांचं सगळं बायकांवर. त्यात काजलचा हात मोठा गुणाचा. मागच्या वर्षी बकरी अडली तेव्हा या पोरीने बारीक हात आत घालून करडू अलगद वळवून काढलं होतं. रत्नप्रभाने ते सगळ्या वाडीत सांगितलं होतं, दोन-दोनदा सांगितलं होतं. आपल्या लेकराच्या गुणाचा डंका पिटू नये म्हणतात, पण ऐकतो कोण.

गुंजी व्याली तेव्हा रिवाजाप्रमाणे पहिल्या चिकाचा खरवस घरोघरी गेला. ओढ्यापलीकडच्या गीताबाईने तर पातेलं चाटूनपुसून परत केलं आणि वर "अजून थोडा चीक असला तर दे गो," म्हणून निरोप पाठवला.

आणि मग शनिवारपासून गुंजीने तोंड फिरवलं. वैरण हुंगायची, सोडून द्यायची. रविवारी दुपारी रत्नप्रभा पाडीला सोडायला गेली तर गाय मान लांब करून उभी. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. ती हंबरली, पण तो हंबरडा तिचा नव्हताच. घोगरा, फाटका आवाज, शेवटी शेवटी नुसती हवा.

"कोय अडकली हिच्या घशात," बुधाजी म्हणाले.

त्यात कुणालाच नवल वाटलं नाही. मे महिना, गोठ्याशेजारी रायवळ आंबा, खाली फळांचा सडा. गुरं आंबा अख्खा गिळतात आणि कोय घशात बसते. वाडीत दर उन्हाळ्यात एकाच्या तरी गाईचं असं होतं, आणि त्यावर काय करायचं ते लहान पोरालाही ठाऊक असतं. एकाने शिंगं धरायची, एकाने जीभ बाजूला ओढायची, आणि ज्याचा हात बारीक त्याने आत घालायचा.

बुधाजींनी शिंगं धरली. रत्नप्रभाने जीभ ओढून आधी आपलाच हात घातला. पण तिचा पंजा थोराड, मनगटात बांगड्या. गाईने मान झटकली, दाढा बोटांच्या पेरांवरून घासल्या, आणि तिने हात मागे ओढला. मग तिने हाक मारली, "काजल, ये गो. तुझा हात बारीक हाय."

काजल कोपरापर्यंत हात घालून चाचपत राहिली. गुंजीची लाळ तिच्या दंडावरून ओघळून बाहीत गेली.

"आये, कोय नाय. काहीच नाय आत."

"नीट बघ. अजून खाली."

काजलने अजून खाली बघितलं. काही सापडलं नाही. मग दोघींनी पिंपातलं पाणी घेऊन हात धुतले आणि ओढणीला पुसले. रत्नप्रभाने गाईला तेल पाजायचा प्रयत्न केला, तेही बाहेर आलं. उतरली असेल कोय आपोआप, असं बुधाजी म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं.

सोमवारी काजल धसईला गेली. रत्नप्रभाची धाकटी बहीण माधुरी तिथे बाळंत झाली होती. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, नवरा माल घेऊन आठवडाभर बाहेर. सुट्टीतली पोर मावशीच्या हाताखाली बरी, म्हणून डझनभर अंडी पिशवीत देऊन आईनेच तिला एसटीत बसवलं.

मंगळवारी गुंजीने कुडात शिंगं खुपसली. कारवी मोडेपर्यंत ढुशा देत राहिली. ती पाडीवरही धावली, तेव्हा रत्नप्रभाने पाडी सोडून आंब्याखाली बांधली. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला, तर ते दोन दिवस लांबच्या गावांत लसीकरणाला. बुधवारी गाय मागच्या पायांवर बसली ती उठली नाही. गुरुवारी सकाळी डॉक्टर आले.

हा डॉक्टर एरवी गोठ्यात शिरला की आधी जनावराच्या पाठीवर थाप मारायचा. त्या दिवशी तो दारातच थांबला. गाईकडे बघितलं, मोडलेल्या कुडाकडे बघितलं आणि हाताने सगळ्यांना मागे सारलं.

"हिला कुत्रा चावला होता का?"

"नाय," रत्नप्रभा म्हणाली.

बुधाजी खाली बघत पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागले. रत्नप्रभाने वीस वर्षांत सासऱ्याला असं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

"बाबा?"

"शिमग्याच्या वेळी," ते म्हणाले, "ओढ्याच्या अंगाला. कुत्रा होता का कोल्हा होता, नीट नाय दिसला. मागच्या पायाला जरासं लागलेलं. मी हळद-चुना भरला. दोन दिवसांत सुकलं. एवढ्याशासाठी कुणाला काय सांगायचं?"

डॉक्टरने डोळे मिटले आणि उघडले. "गाय पिसाळलीय. ही आजचा दिवस काढत नाही." मग तो रत्नप्रभाकडे वळला. "तोंडात कोणी हात घातला होता? घसा बघायला, औषध पाजायला?"

"काजलनं," ती म्हणाली. "माझ्या पोरीनं. कोय अडकलीय वाटलं."

"सगळ्यांना तसंच वाटतं. घसा लुळा पडतो, गिळता येत नाही, म्हणून लाळ गळते. लोक कोय शोधत बसतात. हाताला जखम होती?"

रत्नप्रभाला तुरेवाली आठवली. अंगठ्याच्या बुडाचा तो थेंब आठवला. तेव्हा हसलो होतो आपण, हेही आठवलं.

"कोंबडीनं टोचलेलं. त्याच सकाळी."

"मग आजच्या आज इंजेक्शन सुरू करा. पोटात चौदा वगैरे काही नसतं आता, दंडावर घेतात, आणि एक जखमेपाशी. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. फक्त लक्षणं दिसायच्या आत घ्यायला हवं. लक्षणं दिसली की मग औषध नाही. कुठेच नाही."

"कसली लक्षणं?"

डॉक्टर जरा घुटमळला. पण विचारणाऱ्या बाईचा चेहरा बघून त्याने सांगितलं. ताप येतो. घसा आवळतो. वारा सोसत नाही, अगदी पंख्याचाही. आणि पाणी समोर आलं की माणूस घाबरतो.

एवढ्यात कुंपणाबाहेर गीताबाईने बोंब ठोकली, "आमी खरवस खाल्ला गो! माझ्या नातवानं दोन वाट्या खाल्ला!" हां हां म्हणता अर्धी वाडी जमली. जो तो पोटावर हात ठेवून उभा. डॉक्टर ओरडून सांगत होता की उकळलेल्या दुधातून, खरवसातून काही होत नाही, तरी शंका असेल त्याने आरोग्य केंद्रात जाऊन विचारावं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत निम्मे लोक रिक्षा शोधायला धावले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय. ज्यांना भ्यायचं कारण नव्हतं ते आधी पळाले, आणि जिला होतं ती फोनवर काजलचा नंबर शोधत होती, आणि तिला तो सापडत नव्हता.

फोन माधुरीने उचलला. "ताई, मीच करणार होते तुला. काजल झोपलीय. काल रात्रीपास्न अंग तापलंय तिचं. घसा धरलाय म्हणते. सकाळी चहा दिला तर नको, पाणी पण नको. पंखा बंद करायला लावलान, आमी उकाड्यात बसलोय."

रत्नप्रभा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. समोर गुंजीने एकदा मान उचलली आणि टाकली.

"ताई? ऐकतस ना?"

"बाळाला तिच्याजवळ नको देऊ," ती म्हणाली. "मी येते."

"का गो? काय झालं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. जीप करून सरळ मुरबाडच्या दवाखान्यात ने म्हणायला हवं होतं. पण जीभ वळेना. शब्द तोंडाबाहेर काढला की तो खरा होईल, असं काहीतरी खुळं तिच्या मनात बसलं. "आल्यावर सांगते," म्हणून तिने फोन ठेवला, आणि पुढचे चार तास त्यासाठी स्वतःला शिव्या घातल्या.

लुगडं बदलायलाही ती थांबली नाही. बुधाजी मागे मागे आले. "डोंगरापलीकडं एक म्हातारा मुळी देतो," ते हळूच म्हणाले. "कुत्रं चावलेल्याला. लय लोकांना गुण आलाय."

रत्नप्रभाने आजवर सासऱ्यांपुढे आवाज चढवला नव्हता. "ती मुळी तुमी खा," ती म्हणाली. "आणि गाईला खोल पुरा. चुना टाका वर. हात नका लावू, दोर लावून ओढा. कुणाला सांगायचं, काय सांगायचं, ते आता माझं मी बघते."

म्हातारा माणूस ओट्यावर बसला आणि पटक्याने तोंड पुसायला लागला. तिला त्याची कीव आली, पण कीव करायला त्या क्षणी वेळ नव्हता. कुंपणापाशी गीताबाई अजून उभीच होती.

"वैनी, सांजच्याला कोंबड्या झाका. पाडीला बकरीचं दूध बाटलीनं पाजा."

"कोंबड्या झाकीन," गीताबाई दोन पावलं मागे सरकत म्हणाली. "पाडीला हात नाय लावणार. मला नातू हाय."

"मला लेक हाय," रत्नप्रभा म्हणाली आणि निघाली.

खर्डीहून शहापूर, शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून धसई. तीन गाड्या. शहापूरच्या स्टँडवरून तिने महेंद्रला फोन लावला. कारखान्यात फोन जवळ ठेवू देत नाहीत, म्हणून सुपरवायझरला सांगून त्याला बोलावून घेतलं. एवढंच म्हणाली की काजलला मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात नेतेय, तू थेट तिकडेच ये. तो काय काय विचारत राहिला. गाडी लागली म्हणून तिने फोन ठेवला.

एसटीत ऊन खिडकीतून मांडीवर पडत होतं. डोळे मिटले की तिला हनुमान दिसायचा. माहेरच्या गावचा हनुमान, आट्यापाट्यात कुणाला न सापडणारा गडी. ती आठ वर्षांची असेल. त्याला कुत्रं चावून दोन-तीन महिने झाले होते, सगळे विसरलेही होते. मग एक दिवस त्याला बाजेला बांधल्याचं कळलं, आणि पोरं दाराच्या फटीतून बघायला गेली. तीही गेली. त्याची आई तांब्या घेऊन आली, "बाबा, एक घोट घे," म्हणाली. एवढा मोठा गडी तांब्या बघून भिंतीकडे सरकला. बाजेसकट सरकला. त्याच्या घशातून जो आवाज आला तो ऐकून पोरं पळाली, पण रत्नप्रभाचे पाय हलले नाहीत. तीस वर्षं तो आवाज तिने आठवला नव्हता. रविवारी गोठ्यात तोच तर ऐकला होता. मग ओळखला कसा नाही? ओळखला असता तर पोरीला हाक मारली असती का?

"पाणी घ्या, बाई," शेजारची म्हातारी बाटली पुढे करत म्हणाली. "तोंड सुकलंय तुमचं."

तिने मान हलवली. नको होतं.

आपणच हात घालायला लावला. हेच एक वाक्य मुरबाडपर्यंत तिच्या डोक्यात फिरत राहिलं. पोर म्हणाली होती, काही नाही आत. आपण म्हणालो, अजून खाली. सख्खी आई, आणि आपल्या तोंडाने म्हणालो, अजून खाली. काजलने लहानपणापासून आईचा शब्द खाली पडू दिला नव्हता. थोडी उर्मट असती तर बरं झालं असतं. तुझं तू बघ म्हणाली असती, पाय आपटत निघून गेली असती. वाडीतल्या इतर पोरी जातात तशी.

धसईच्या बाजारामागे माधुरीचं घर. रत्नप्रभा आत आली तेव्हा दीड वाजला होता. माधुरीने रिवाजाप्रमाणे आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. रत्नप्रभाने तो हातात घेतला आणि न पिता खिडकीत ठेवला.

"कुठं हाय?"

आतल्या खोलीत खिडकी लावलेली, पंखा बंद. काजल भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून चादर घेऊन पडली होती. रत्नप्रभाने माठातून ग्लास भरला. घाईत थोडं पाणी पायांवर सांडलं.

"काजल. ऊठ. पाणी पी."

चादर हलली. "आये? तू कशी आलीस?"

"पाणी पी आधी."

"नको गो. घसा लय दुखतोय."

"पी म्हणते ना!"

ती इतक्या जोरात ओरडली की बाहेरच्या खोलीत बाळ दचकून रडायला लागलं. काजल उठून बसली. डोळे लाल, ओठ फुटलेले. तिने ग्लासाकडे बघितलं आणि तोंड वळवलं. रत्नप्रभाला आता फक्त ते वळलेलं तोंड दिसत होतं. हनुमानची आई तांब्या घेऊन अशीच उभी राहिली असेल, एवढंच तिच्या मनात आलं.

मग काजलने ग्लास घेतला. एक घोट घेतला, चेहरा वेडावाकडा केला, गळ्यावर हात ठेवला. आणि गिळला. दुसरा घोट घेतला. तोही गिळला. आई अशी का बघतेय ते न कळून, घाबरून, तिने सगळा ग्लास रिकामा केला आणि परत दिला.

"झालं? आता काय झालं ते सांगशील?"

रत्नप्रभा भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. माधुरी बाळाला खांद्यावर घेऊन दारात आली. "अगो, काल हिनं तिखटमीठ लावून तीन कैऱ्या खाल्ल्या, वर बाजारात बर्फाचे दोन गोळे. घसा धरेल नाय तर काय गाणं म्हणेल? आणि ताप चढला म्हणून थंडी वाजत होती, म्हणून पंखा बंद."

तीन कैऱ्या आणि दोन गोळे! एरवी रत्नप्रभाने लेकीचा कान पिळला असता. आज तिला त्या गोळेवाल्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण ते समाधान टिकलं नाही. तिने काजलचा उजवा हात ओढून घेतला. अंगठ्याच्या बुडाशी चोचीची खूण होती, तिळाएवढी, खपली धरलेली. गोळ्यांनी घसा दुखत होता हे खरं, पण ती खूणही खरी होती. तिने मग सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तिला सासऱ्यांच्या हळद-चुन्याने चांगलं शिकवलं होतं.

काजलने आपल्याच हाताकडे बघितलं.

"मला म्हणालीस अजून खाली बघ," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतं आठवून म्हणाली. "म्हणून मी बघितलं."

"हां," रत्नप्रभा म्हणाली. "चल आता."

माधुरीने मोरीत काजलचा हात साबणाने खसाखसा धुऊन घेतला. शेजारचा एक रिक्षावाला दोघींना थेट मुरबाडला न्यायला तयार झाला. वाटेत काजलने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि विचारलं, "पाडी कशी हाय?" रत्नप्रभाने बरी आहे म्हणून सांगितलं. ते तिलाही ठाऊक नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हडबडल्या नाहीत. केसपेपर भरताना त्या एकेक विचारत गेल्या. कोणतं जनावर, किती दिवस झाले, लाळ कुठे लागली. काजलचा हात दिव्याखाली धरून बघितला. घसा बघितला, टॉन्सिल सुजलेत म्हणाल्या, त्याच्या गोळ्या वेगळ्या लिहिल्या. "आज पहिलं इंजेक्शन. जखमेभोवती दुसरं औषध देणार आहे, ते दुखेल. पुढच्या तारखा लिहून देते, एकही चुकवायची नाही. सगळे डोस पुरे केलेत तर घाबरायचं कारण नाही."

काजलने मान डोलावली. जखमेत सुई शिरली तेव्हा तिने आईचा हात घट्ट धरला, ओरडली नाही. रत्नप्रभा मात्र तोंड फिरवून उभी होती.

"घरात आणखी कोणी जनावराच्या तोंडात हात घातला होता?" डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

"नाय," रत्नप्रभा म्हणाली.

काजलने धरलेला आईचा हात सोडला नव्हता. तिने तो उलटा करून दिव्याखाली आणला. मधल्या दोन बोटांच्या पेरांवर सोलवटलेलं होतं. खपल्या अजून काळ्या होत्या.

"हिनं घातलेला," काजल म्हणाली. "माझ्या आधी. गाईचे दात लागले."

रत्नप्रभा आपल्या बोटांकडे बघत राहिली. ती कुणाची तरी दुसरीचीच बोटं असावीत तशी. पाच दिवस तिने याच हाताने भाकऱ्या थापल्या होत्या, पाडीला थोपटलं होतं, फोन धरला होता, आज काजलचा अंगठा याच बोटांनी उघडून तीळभर खूण शोधली होती. आणि हे तिला दिसलंच नव्हतं. गुरांच्या डॉक्टरने सरळ विचारलं होतं, तेव्हाही दिसलं नव्हतं.

"मावशी, हे तर मुलीपेक्षा जास्त आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा केसपेपर ओढला. "नाव सांगा."

नाव सांगताना तिच्या मनात जे आलं ते आईच्याच मनात येऊ शकतं. तिला बरं वाटलं. पोर यात एकटी नव्हती. जे काही व्हायचं ते दोघींचं होईल, हिच्या आधी माझं होईल. सुया टोचल्या तेव्हा तिला फारसं कळलंही नाही.

मग अर्धा तास बाहेरच्या बाकावर बसून राहायला सांगितलं. महेंद्रला पाळी संपल्यावरच सोडलं होतं; तो टिटवाळ्याच्या पुढे आला होता, अजून तासभर लागेल म्हणत होता. गीताबाईचाही फोन आला. कोंबड्या झाकल्या, पण तांबडी सापडत नाय, शोधतेय, म्हणाली. मग जरा थांबून, बारीक आवाजात म्हणाली, "पाडीला पाजलं गो. हातात पिशवी घातली आणि पाजलं. लय हंबरत होती, बघवेना." रत्नप्रभा नुसतं "हां, वैनी," म्हणाली.

फोन ठेवून तिने बघितलं तर काजल तिच्याकडे टक लावून बघत होती. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. सुई टोचतानाही तो असा झाला नव्हता.

"आये, तू सकाळपास्न पाणी प्यायलीस?"

रत्नप्रभाने आठवून बघितलं. गोठा. एसटी. म्हातारीची बाटली. खिडकीत ठेवलेला तांब्या.

"मावशीनं दिलं तर तू नाय घेतलंस," काजल म्हणाली. "मावशीच सांगत होती मला मोरीत. हातात घेतलास तांब्या आणि ठेवून दिलास."

"तुझ्यापायी. तहानेचं भान कुठं होतं."

काजलने ते ऐकलं नाही. ती उठली. कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीचा स्टीलचा ग्लास साखळीने बांधलेला, बाकापर्यंत पोहोचेना, म्हणून तिने आपली रिकामी बाटली भरली आणि परत आली. तिने बाटली आईपुढे धरली. बारीक हात, अंगठ्यापाशी पांढरी पट्टी.

"पी."

रत्नप्रभाने बाटली घेतली. पाणी तिच्या तोंडापाशी आलं आणि घसा एकदम आवळला. तेवढ्या क्षणात ती दाराच्या फटीपाशी नव्हती, बाजेवर होती. तान्ह्या बाळासारखं तिला रडू येईलसं वाटलं. हे भय आहे की ते आहे, हे ओळखायची काही खूण आहे का, ते कुणाला विचारायचं? समोर लेक उभी होती आणि तिचे डोळे आईच्या गळ्यावर होते. दुपारी आपण हिच्या गळ्याकडे असंच बघत होतो, असंच ओरडलो होतो. कसं वाटलं असेल पोरीला.

तिने डोळे उघडे ठेवले, काजलकडे बघितलं आणि घोट घेतला. तो तोंडातच राहिला. मग तिने तो गिळला. कोमट, टाकीच्या वासाचं पाणी खाली उतरलं.

"अजून," काजल म्हणाली.

ती अजून प्यायली. तिसऱ्या घोटाला तहान जागी झाली आणि मग ती घटाघटा पीतच राहिली, हनुवटीवरून पाणी ओघळून लुगडं भिजलं, तरी थांबली नाही. काजल बाकावर तिच्याशेजारी मटकन बसली आणि आईच्या ओल्या खांद्याला तोंड लावून, दिवसभरात पहिल्यांदा, हुंदके देऊन रडली.

रत्नप्रभाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तारखांचा कागद तिच्या मांडीवर होता. हनुमानला दोन-तीन महिने लागले होते, हे तिने पोरीला सांगितलं नाही, कधी सांगणारही नव्हती. बाटलीच्या तळाशी दोन घोट उरले होते. तिने बाटली काजलपुढे धरली.

"आता तू पी," ती म्हणाली, आणि लेकीच्या गळ्याकडे बघत राहिली.